निळं, तयार

३ फेब्रुवारी

मामा,

पत्र बघून घाबरू नको, कुणी मेलेलं नाही. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता ओरडतोस, आणि तुझ्या मागे कुठलंतरी विमान सुरूच असतं. म्हणून लिहितेय. शांतपणे वाच आणि शांतपणे उत्तर दे, जमलं तर.

दुकान बरं चाललंय. करवती, गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, जे जे दोरी ओढून सुरू होतं ते सगळं आमच्याकडे येतं. दहातल्या सात इंजिनांना एकच रोग. पंपावरच्या पेट्रोलात हल्ली अल्कोहोल असतं, ते हवेतलं पाणी पितं, आणि महिनाभर टाकीत पडून राहिलं की कार्ब्युरेटरचा रबरी पडदा कडक होऊन बसतो. रोज पाच-सहा पडदे मीच बदलते. हा बाकड्याच्या पलीकडे मान खाली घालून इंजिनं उघडतो. तू त्याला सायलेन्सर म्हणतोस ते बरोबरच आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी त्याला मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही.

पण रविवारी हाच माणूस शर्यतीच्या कार्टवर बसतो. तू एकदाच पाहिलीस ती, तेव्हा हसला होतास. चार टीचभर चाकं, जमिनीला घासणारा लोखंडी सांगाडा आणि करवतीच्या इंजिनाचं मोठं भावंड. ह्या मोसमात दोन पिस्टन गेले. पंपाचं पेट्रोल जोराच्या वेगात आधीच पेट घेतं, खडखड होते आणि पिस्टनच्या टाळूला भोक पडतं.

आता खरं सांगते. मागच्या रविवारी लाकडाच्या वखारवाल्याच्या थोरल्या पोरानं ह्याच्या तोंडावर हेल्मेट हाणलं. वळणावर ह्यानं त्याला वाट दिली नाही म्हणून. तीन दात गेले. हा रक्त थुंकत म्हणाला, "जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. हातात बावीसचा पाना होता. थोरल्याचं मनगट मोडलं, आवाज मला ऐकू आला, आणि मला बरं वाटलं.

त्याच्याऐवजी आता त्याचा धाकटा भाऊ कार्ट चालवणार. शेवटची शर्यत अठ्ठावीस तारखेला. ह्यानं मला शब्द दिलाय, ही झाली की कार्ट मोडून भंगारात. तोवर मला तो धड हवाय. दात गेले ते गेले, पण हाडं सगळी शाबूत घरी यायला हवीत. भर वेगात इंजिन फुटलं तर मागून येणारे वखारवाले त्याला चिरडायला टपलेलेच आहेत.

तर सांग. पंपाचंच पेट्रोल घालू, रेसवाल्यांचा ड्रम मागवू, की तुझं विमानाचं?

तुझी,
ठिणगी


८ फेब्रुवारी

ठिणगे,

शांतपणे वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कप फुटला, पण तो आधीच तडकलेला होता.

मनगटाचं वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट जेवण दोन घास जास्त गेलं. तुझ्या बापानं तुझ्या आईवर हात टाकला तेव्हा मी त्याचा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. तू चार वर्षांची होतीस, टेबलाखालून बघत होतीस. रडली नाहीस. तुझी आई म्हणायची, पोरीनं मामाचं नेमकं तेवढंच उचललं. सायलेन्सर "जाऊ दे" म्हणाला ते त्याचं मोठेपण. आपल्या घराण्यात ते औषधालाही नाही.

आता पेट्रोल. आधी एक खूळ डोक्यातून काढ. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती. दाब पडला तरी ठिणगी मिळेपर्यंत गप्प राहतं ते जास्त ऑक्टेनचं. दाब पडताच आपलं आपण भडकतं ते कमीचं. या हिशेबानं तुझा नवरा विमानाचं पेट्रोल, आणि तू, मी आणि तुझा बाप पंपावरचे. साध्या इंजिनाला जास्त ऑक्टेन पाजून ते पळत नाही. करवती, पंप, गवताची यंत्रं, त्यांना पंपाचंच दे, फक्त ताजं. काम झालं की टाकी रिकामी करायला सांग गिऱ्हाइकाला. ऐकणार नाहीत, पण सांग.

रेसचा ड्रम नको. ते ज्या इंजिनांसाठी बनवतात त्यांचा दाब तुमच्या दीडपट. शिवाय ड्रम एकदा उघडला की त्यातलं हलकं हलकं उडून जातं आणि तळाला राहतो तो नुसता रुबाब.

राहिलं माझं. विमानाचं म्हणजे मोठ्या जेटचं नव्हे, ते रॉकेलाचं भावंड, त्यानं तुझं इंजिन शिंकणारही नाही. माझ्याकडचं छोट्या, पंख्याच्या विमानांचं. ओळखू यावं म्हणून निळा रंग घातलेला असतो. अल्कोहोल नाही, वर्षभर ठेवलं तरी नासत नाही, आणि सहनशक्ती भरपूर. तुमच्या कार्टला हेच. दोन गोष्टी ध्यानात ठेव. वजनाला हलकं आहे, तेव्हा कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठं लावा. आणि त्यात शिसं आहे. त्यानं हात धुऊ नका, नळी तोंडानं ओढू नका, बंद खोलीत इंजिन चालवू नका. मी तीस वर्षं अंगावर घेतलंय. आता पोट दुखतं, नावं विसरतो आणि डोकं फिरायला कारण लागत नाही. डॉक्टर म्हणतो, शिसं. तुझी मामी म्हणायची, शिशाच्या आधीपासून असाच होता.

कॅन पाठवतो. साहेबाला विचारलंय. तो नाही म्हणणार नाही, त्याचा जबडा अजून दुखतो. सगळं तयार करूनच पाठवतो, तुम्हाला फक्त ओतायचं. इंजिनाचं तुम्ही जाणता, मी पेट्रोलचा माणूस.

आणि हे बघ, थोरल्याचं मनगट बरं व्हायला दीड महिना. तोवर पाठीला भिंत ठेवून काम करा.

मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

कॅन आला. टोपणावर तुझं मेणाचं सील, पोटावर तुझ्या गिचमिड अक्षरात खडूनं "निळं, तयार". ह्यानं झाकण उघडून एकदा वास घेतला, एकदा रंग पाहिला आणि चक्क हसला. म्हणाला, "मामांनी सगळं काम करून पाठवलं." नऊ वर्षांत एवढं मोठं वाक्य तुझ्या वाट्याला आलं, जपून ठेव.

जेट मोठं लावलं. चाचणी जुन्याच पेट्रोलवर घेतली, तुझं कशाला जाळायचं. शर्यतीच्या सकाळी टाकी पुसून कोरडी करू आणि निळं भरू.

काल थोरला दुकानासमोर आला होता, हात गळ्यात. आत आला नाही. रस्त्यापलीकडे उभा राहिला आणि चांगल्या हातानं ह्याच्याकडे बोट दाखवून तेच बोट स्वतःच्या गळ्यावरून फिरवलं. मी हातोडी घेऊन बाहेर गेले तर हा मधे आला. मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी त्याला चावले, मामा. खांद्याला. दातांचे वण उठलेत. त्यानं तरी सोडलं नाही.

मला भीती वाटते. ती कुणाची ते मात्र धड कळत नाही.

ठिणगी


२५ फेब्रुवारी

ठिणगे,

नवऱ्याला चावू नये. चावायचंच तर दुसऱ्याच्या.

निळं थंडीत सुरू व्हायला कुरकुर करतं. चोक पूर्ण ओढा, दोन मिनिटं तापू द्या, मग बिनधास्त ताणा. या पेट्रोलावर मी रोज जिवंत माणसं आकाशात पाठवतो. तुम्ही तर जमिनीवरच आहात.

जिंकला की कळव. हरला तरी धड आला की कळव.

मामा


५ मार्च

मामा,

जिंकला नाही. धड नाही. जसं झालं तसं लिहिते.

तिसऱ्या फेरीपर्यंत हा पुढे होता. धाकटा त्याच्या मागे, इतका जवळ की दोन कार्टांमधून हात गेला नसता. चौथ्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, भर वेगात ह्याचं इंजिन अडकलं. आमच्या कार्टला क्लच नाही, इंजिन साखळीनं थेट मागच्या एक्सलला, चाकांच्या दांड्याला, जोडलेलं. इंजिन थांबलं की मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबतात. हा गरकन आडवा झाला. धाकटा त्याच्यावर चढला, हवेत गेला आणि टायरांच्या ढिगामागच्या खांबावर डोक्यानं आदळला. मी पंधरा पावलांवर होते. हेल्मेट डोक्यावरच होतं आणि ते पाठीच्या बाजूला वळलेलं होतं. एकवीस वर्षांचा होता.

ह्याला फक्त खरचटलं. तो धावत गेला आणि त्या पोराचं डोकं हातात धरून बसला. थोरल्यानं त्याला तिथेच लाथा घातल्या, लोकांनी ओढलं तेव्हा थांबला. सारखं एकच ओरडत होता, "ब्रेक मारला, मुद्दाम ब्रेक मारला."

मंगळवारी सकाळी ते दुकानात आले. थोरला आणि वखारीतले चौघं. दोघांनी मला खाली पाडलं. एकाचा गुडघा माझ्या मानेवर, गाल फरशीवर, फरशीवरचं ग्रीस तोंडात. बाकीच्यांनी ह्याचा उजवा हात आमच्याच बाकड्यावरच्या व्हाइसमध्ये, लोखंड आवळायच्या शिकंज्यात, घातला आणि थोरल्यानं दांडा फिरवला. पहिल्या फिरकीला हा काही बोलला नाही. दुसऱ्या फिरकीला ओरडला. मामा, नऊ वर्षांत मी त्याचा मोठा आवाज ऐकला नव्हता, तो असा ऐकला. चार फिरक्या. मग त्यांनी करवतींचं कपाट आडवं केलं आणि चालत निघून गेले, घाईसुद्धा केली नाही.

तीन बोटं काढावी लागली. तळव्यात सळ्या आहेत. त्या हातानं तो आता स्क्रू फिरवणार नाही. पोलीस येऊन लिहून गेले. मी पाचही जणांची नावं सांगितली, ते म्हणाले, बघतो.

काल मी इंजिन उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला, अंगावर उभे ओरखडे. इंजिन आपोआप असं अडकत नाही. शर्यतीच्या आधी कार्ट पाऊण तास कुंपणाजवळ एकटी उभी होती, आणि थोरला तिथेच घुटमळत होता. त्यानं टाकीत काहीतरी टाकलं. साखर, वाळू, काहीही. ह्याला मारायला गेला आणि आपलाच भाऊ मारून बसला, आणि वर आमच्याच नावानं बोंब.

मला तुझ्याकडून फक्त एक हवंय. एवढंच लिही की तुझ्या कॅनमध्ये काही खोट नव्हती. मग मी मोकळी.

ठिणगी


९ मार्च

ठिणगे,

पत्र धावपट्टीच्या कडेला वाचलं आणि तिथेच बसलो. दोन माणसं मला उचलायला आली, त्यांतल्या एकाला मी मारलं.

खोट? माझ्या कॅनमध्ये? तीस वर्षांत माझ्या पेट्रोलानं एक विमान खाली आलेलं नाही. चोख होतं ते. मी स्वतः तीनदा गाळलं, काचेच्या भांड्यात घेऊन उजेडात धरलं. पाणी नाही, गाळ नाही, तेल नाही, कशाचा थेंब नाही. नुसतं पेट्रोल, आईच्या दुधासारखं. हे कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन.

म्हणजे खोट त्या हरामखोराच्या हातात आहे. तुझी मती बरोबर चाललीय.

शहाण्या मामानं इथे लिहायला हवं, पोलिसांवर सोड. तो मामा तुझ्या नशिबात नाही. सायलेन्सरचा हात मोडला म्हणजे त्याचं पोट मोडलं, तुझं दुकान मोडलं. मी दोन आठवड्यांनी सुटीवर येतो, मग आपण दोघं मिळून बघू. तोवर थांबवलं तर थांब. नाहीच थांबवलं तर एवढं ध्यानात ठेव, अर्धवट मारलेला साप परत येतो.

त्याला माझा आशीर्वाद सांग. डाव्या हातानं जेवायला शिकव, पण भरवू नको, त्याला आवडणार नाही.

मामा


१४ मार्च

मामा,

तुझं पत्र दहा वाजता आलं. "चोख होतं" एवढं वाचलं, घडी घालून बाकड्यावर ठेवलं आणि निघाले.

कार्टचा तुटका एक्सल वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. हातभर, भरीव. वखार उघडी होती, मोठी करवत चालू होती, कुणाला काही ऐकू गेलं नाही. थोरला ओंडक्यावर बसून चहा पीत होता. त्यानं मला पाहिलं आणि उठायला लागला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा कानावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तोही मारला. मग म्हातारा, त्याचा बाप, दारात आला आणि माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला. मी एक्सल खाली ठेवला आणि चालत घरी आले. मीही घाई केली नाही.

घरी आले तर हा पुढे दुकानात बाकड्याशी उभा. डाव्या हातात तुझं पत्र. त्यानं ते पूर्ण वाचलं होतं. मला म्हणाला, "मामा लिहितात, तेल नव्हतं."

मी म्हटलं, मग?

त्यानं डाव्या हातानं कॅन पुढे ओढला. तुझ्या कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं. त्यानं कोऱ्या कागदावर एक थेंब सोडला आणि आम्ही दोघं बघत बसलो. तेल असतं तर कागदावर तेलकट डाग राहतो. तो थेंब वाळला. कागद जसाच्या तसा पांढरा.

मामा, आमचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याला वेगळं तेल नसतं, पेट्रोलातच मिसळावं लागतं, त्यावरच पिस्टन सरकतो. आणि आमच्याकडचं तेल निळं येतं. ते मिसळलं की पेट्रोल निळसर दिसतं. साधं पेट्रोल कोऱ्या कॅनमध्ये, आणि तेल घातलेल्या कॅनवर आम्ही खडूनं लिहितो, "तयार". दुकान उघडल्यापासून हेच. त्यानं तुझा कॅन पाहिला. निळा. वर "तयार". त्यानं ओतलं. कुणीही ओतलं असतं.

टाकीत कुणी काही टाकलं नव्हतं. कुणी ब्रेक मारला नव्हता.

थोरला हॉस्पिटलमध्ये आहे, शुद्धीवर नाही. हा मला म्हणाला, चल, पोलिसांकडे मी येतो सोबत. आम्ही निघतोच आहोत. तू "तयार" का लिहिलंस?

ठिणगी


१७ मार्च

पोरी,

आमच्याकडे सकाळी टाकीच्या तळातलं पेट्रोल काढतात, काचेत धरतात, पाणी आहे का बघतात. नसलं की खडू घेऊन लिहितात, "तयार". म्हणजे आता हे विमानात भरायला हरकत नाही. तीस वर्षं रोज सकाळी मी तो शब्द लिहिला. तुझ्या कॅनवरही हात आपोआप गेला. विमानाचं तेल इंजिनात वेगळं असतं, पेट्रोलात तेल घालायचं हे माझ्या डोक्यातच येत नाही. आणि वर मी तुला लिहिलं, फक्त ओतायचं.

ते पोर एकवीस वर्षांचं होतं. मी खडूनं मारलं त्याला.

आणि तू शांत झाली असतीस तर मी तुला साप दाखवला. म्हातारा झालो, केस गेले, शिशानं डोकं सडलं, पण भांडण दिसलं की अजून तोंडाला पाणी सुटतं. चारशे मैलांवर बसून मी तुझ्या हातात एक्सल दिला. लाज वाटते मला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

ऐक. पोलिसांना तू झालं तेवढंच सांगितलं असशील. आता जास्त काही बोलू नको. मी आज निघतोय. आधी वखारीत जाणार, म्हाताऱ्यासमोर उभा राहणार आणि कॅन, शब्द, सगळं सांगणार. मग कोर्टात सांगणार. शब्द माझा, चूक माझी, पोरीला मीच भरीस घातलं. तुला सोडवायला ते पुरेल की नाही ठाऊक नाही, पण थोडं तरी हलकं होईल. एवढं मला करू दे.

मामा


२९ मार्च

मामा,

हा काल मला तुरुंगात भेटायला आला. मधे जाळी होती. तुझं सगळं त्यानं सांगितलं, त्याच्या मानानं बरंच बोलला.

तू बसमधून उतरून थेट वखारीत गेलास. म्हाताऱ्याला सगळं सांगितलंस, खडूचा शब्द लाकडाच्या फळीवर लिहूनसुद्धा दाखवलास. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या धाकट्याला कुणी मारलंच नाही?" तू म्हणालास, "नाही." मग त्यानं तीच फळी उचलली. सात घाव मारले म्हणे. तुझ्या चार बरगड्या मोडल्या, हनुवटी फुटली, आणि तू हात वर केला नाहीस. वखारीतल्या माणसांनी शेवटी म्हाताऱ्यालाच धरलं, तो पडायला आला होता म्हणून. हे ऐकून मी रडले. मार खाणारा मामा मी कधी पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी थोरला गेला. हे तुला हॉस्पिटलमध्ये कुणी सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐक. म्हाताऱ्याचे दोन होते, दोन्ही गेले.

ह्याचं म्हणणं, तू वकिलाला बोलावून घेतलंस आणि सगळं लिहून देणार आहेस. तुझा शब्द, तुझी चूक, आमचा गैरसमज. वकील म्हणतो, बाईला खरंच वाटत होतं की त्यानं नवऱ्याला मारायचा डाव केला, हे कोर्टाला पटलं तर शिक्षा निम्मी. मामा, सही करू नको.

मी हे काम तुझ्या जावयापेक्षा जास्त वर्षं करतेय. साखरेनं अडकलेलं इंजिन मी पाहिलंय, वाळूनं खाल्लेलंही. सिलिंडर उघडला तेव्हा मी पिस्टनवरून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. तेल नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मग कॅनवरचा शब्दही कळला. फार तर एक मिनिट लागलं असेल. आत हा झोपला होता, हाताला बांधलेलं, झोपेत कण्हत होता. मी पिस्टन फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि तुला पत्र लिहायला बसले.

म्हणून मी तुला तेलाबद्दल विचारलं नाही. खोट होती का, एवढंच विचारलं. तू काय लिहिशील ते मला ठाऊक होतं, आणि थोरल्यावर जायला मला तेवढंच निमित्त हवं होतं. तू तेल नाही असं लिहिशील हे डोक्यात आलं नाही, आणि ह्यानं ते वाचलं. त्यानं कागदावर थेंब सोडला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून आश्चर्याचं तोंड केलं. त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. काल जाळीतून डावा हात आत घालून त्यानं माझी बोटं धरली आणि म्हणाला, "तुला माहीत नव्हतं." मी मान डोलावली.

धाकटा तुझ्या शब्दानं गेला असेल. थोरल्याला मी मारलं, सगळं माहीत असून. ते तू लिहून देऊ नको, तुझं नाही ते.

हे पत्र वाचून झालं की ह्याच्या हातात दे. मला तोंडानं सांगता येत नाही.

तुझी भाची